रस्त्याचा व्हिडिओ करायचाय? आधी फलक वाचा

माणदेशातल्या एका फाट्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. पहिला व्हिडिओ केला तो दुकानासमोरच्याच रस्त्याचा. सात मिनिटांतली सहा मिनिटं मीच बोलत होते, तेही सरपंचांचं नाव घेऊन, तावातावानं. दुसऱ्या दिवशी सरपंच दुकानात आले. म्हणाले, "ताई, तो रस्ता ग्रामपंचायतीचा नाहीच." खरंच नव्हता. तो व्हिडिओ हटवला आणि चुकले म्हणून सांगणारा दुसरा टाकला. तो पहिल्यापेक्षा कमी लोकांनी बघितला, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून आधी रस्ता कोणाचा ते बघा. कामाचा फलक असला तर त्यावर योजना, रक्कम, ठेकेदार, तारखा मिळतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर काम झाल्यापासून 5 वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. "रस्ता खराब आहे" म्हटलं की साहेब मान हलवतात. "रस्ता मुदतीत आहे" म्हटलं की फाइल मागवतात. फलकावरची अक्षरं पुसली असतील तर तीही टिपा आणि माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. त्यात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. ऑफिसात तिला 'एमबी' म्हणतात.

आता शूटिंग. मोबाइल उभा की आडवा, यावर भांडत बसू नका. किलोमीटरच्या दगडापासून सुरुवात करा आणि खड्ड्यापर्यंत न थांबता चालत जा. मध्ये कट केला की "दुसरीकडचा खड्डा दाखवला" म्हणणारा एक जण निघतोच. मी कापड मोजायचा लोखंडी गज खड्ड्यावर आडवा ठेवते आणि त्याच्या खालच्या कडेपासून शिलाईची टेप तळापर्यंत सोडते. आकडा वाचता येईल इतका मोबाइल जवळ न्यायचा, मनात दहा अंक मोजायचे, मगच हलायचं. पाणी साचलं असेल तर आधी उपसा. आमच्याकडे वारा फार, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बोलते.

मूळ फाइल तशीच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की व्हिडिओ दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

माणसांचं मात्र जपून. शाळेच्या पोरांचे चेहरे मी घेत नाही, सायकलींची चाकं घेते. शेजारची मावशी तावात येऊन बोलते, पण रात्री तिला आठवतं की घरकुलाचा अर्ज पंचायतीतच पडलाय. म्हणून टाकायच्या आधी तिला पुन्हा विचारते. ती नको म्हणाली तर तिचं बोलणं गेलं, कितीही झणझणीत असलं तरी. ज्याच्यावर बोट दाखवताय त्यालाही फोन करा. फोन उचलला नाही, तर कोणत्या दिवशी किती वाजता केला होता ते व्हिडिओत सांगा. 'भ्रष्टाचार' हा शब्द मी आता वापरत नाही. तो सिद्ध करायला कागद लागतात, आणि माझ्याकडे टेप असते.

व्हिडिओ दोन मिनिटांचा पुरे. शेवटी एकच प्रश्न: हा खड्डा कोण आणि कधी बुजवणार? ग्रामसभेची नोटीस लागली की आदल्या रात्री टाका. कमेंटमधली भांडणं फाट्यापर्यंतही पोचत नाहीत, पण ग्रामसभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या म्हणून सांगता येतं. आमच्याकडे कोणीतरी म्हणालंच, "बाईनं टेप तिरकी धरली असंल." पुढच्या आठवड्यात अभियंता साहेब स्वतःची टेप घेऊन आले. 14 सेंटिमीटर भरलं. माझ्या टेपवर साडेपाच इंच होतं.

खड्डा बुजला की त्याच दगडापासून चालत पुन्हा व्हिडिओ करा, आणि पहिल्या पावसानंतर आणखी एक.