मुलीचं नाव तुलसी ठेवायचंय? मग आधी हे बघा

नावांच्या याद्यांमध्ये तुलसीपुढे "पवित्र झाड" एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण तेवढ्यावर नाव फायनल करून टाकतो, पण माझं म्हणणं असं की आधी वृंदेची गोष्ट पूर्ण वाचा. वृंदा ही जालंधर या असुराची बायको, तिच्या पातिव्रत्यामुळे त्याला कोणी हरवू शकत नव्हतं, म्हणून विष्णूने जालंधराचं रूप घेऊन तिला फसवलं. कळल्यावर तिने गप्प बसून सोसलं नाही, साक्षात विष्णूला शाप दिला की तू दगड होशील, तोच शाळिग्राम. नंतर ती अग्नीत गेली आणि तिचीच तुळस झाली असं मानतात, कार्तिकात आपण तुळशीचं लग्न लावतो त्यामागे ही कथा आहे. म्हणजे नाव सोज्वळ आहेच पण त्यात देवाला जाब विचारणारी बाई पण आहे, मला तरी या नावाचं सगळ्यात मोठं बळ हेच वाटतं, मुलगी मोठी झाली की तिला हे नक्की सांगा.

आता कुठलं रूप घ्यायचं ते बघा. तुळसा, तुळसाबाई ही जुन्या पिढीतली, तुलसी आजही सहज चालतं. नामाष्टकात तुळशीची आठ नावं आहेत: वृंदा, वृंदावनी, विश्वपूजिता, विश्वपावनी, पुष्पसारा, नंदिनी, तुलसी, कृष्णजीवनी. यातली वृंदा आणि नंदिनी रोजच्या हाकेला छान, बाकीची पाळण्यातलं नाव म्हणून ठेवता येतील. आणि मंजिरी विसरू नका! तुळशीच्या शेंड्याला तो बारीक जांभळट फुलांचा तुरा येतो ना, चुरगळला की बोटांना कितीतरी वेळ वास राहतो, ती मंजिरी. नाजूक पण ठसठशीत नाव आहे.

राशीवरून अक्षर हवं असेल तर "तु" विशाखा नक्षत्रात येतं, रास तूळ. वृंदाला "व" म्हणजे वृषभ, मंजिरीला "म" म्हणजे सिंह.

नावासोबत काय काय येतं तेही धरून चला. वारीत बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात, विठोबाच्या गळ्यात तुळशीहार, माळकऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे वारकरी घरात हे नाव ऐकताच माणसं हरखतात. गणपतीला मात्र एरवी तुळस वाहत नाहीत, घरातलं कोणी हे काढेल, पण त्यामुळे नाव ठेवायला काही आडकाठी नाही. "घरावर तुळशीपत्र ठेवणे" म्हणजे सगळ्यावर पाणी सोडणे, हा वाक्प्रचार पण मुलीच्या कानावर पडणारच आणि पुण्यात असाल तर शाळेत तिथल्या तुळशीबाग बाजारावरून चिडवतील, ते चालायचंच.

एक काम मात्र लगेच करा. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा, तुलसीचं मधल्या "ए"सकट आणि "ए"शिवाय असं दोन्ही लिहितात, जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की दुरुस्तीला हेलपाटे घालावे लागतात. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते पण नाव तेव्हाच द्यायला पाहिजे असं नाही, 12 महिन्यांपर्यंत ते फी न भरता घालता येतं, त्यामुळे घाई करू नका, चार-पाच नावं घरात मोठ्याने हाक मारून बघा आणि मग लिहा.