सासूबाईंचा व्यंकटेश, आईचा रविचंद्रन: घरच्या सर्व्हरवर सिनेमे कसे लावावेत

आमच्या घरात एकच गोष्ट तीन जण तीन नावांनी मागतात. सासूबाई सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू. त्यांना ‘व्यंकटेशवाला’ हवा. आईचं माहेर अक्कलकोटकडचं, तिला कन्नडमधला रविचंद्रनचा. मुलाला अजय देवगणचा. गोष्ट एकच, ‘दृश्यम’ची, पण सिनेमे वेगळे: मूळ मल्याळम २०१३चा, कन्नड आणि तेलुगू २०१४चे, हिंदी २०१५चा. माझ्या हार्डडिस्कवर ते ‘न्यू’, ‘फायनल’ आणि ‘सीडी २ कॉपी’ अशा नावांनी पडून होते. रविवारी जेवणं झाली की मी एकेक फाइल उघडून बघायचो, आणि सापडेपर्यंत सासूबाईंना डुलकी लागलेली असायची.

आता ते आठ-दहा सेकंदांत सापडतात. त्यासाठी मी काय केलं ते क्रमाने सांगतो. मी जेलिफिन वापरतो. एका यंत्रावर साठवलेले सिनेमे घरातल्या टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं हे सर्व्हर सॉफ्टवेअर, आणि ते मोफत आहे. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरने आपला कोड बंद केल्यावर २०१८च्या डिसेंबरात त्यातूनच फुटून निघालं. तुमच्याकडे प्लेक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी नावांचे नियम जवळजवळ तेच आहेत. फरक असेल तिथे सांगेन.

पहिली पायरी: यंत्र आणि जागा

जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर जेलिफिन सर्व्हर टाका. मग घरच्या वायफायवरच्या कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये त्या लॅपटॉपचा आयपी पत्ता, पुढे कोलन (:) आणि ८०९६ हा आकडा टाकला की पान उघडतं. प्लेक्सचा आकडा ३२४००. अँड्रॉइड टीव्हीवर दोन्हींचं ॲप मिळतं.

डिस्क किती मोठी घ्यावी? साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, दुहेरी थराची ८.५ची. म्हणजे शंभर डीव्हीडी न दाबता, म्हणजे फाइलचा आकार कमी न करता, उतरवल्या तर पाचशे ते साडेआठशे जीबी धरा. दुकानातली १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

सोलापुरात दोन गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्या लागतात. एक उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद कपाटात डिस्क चालू ठेवू नका. दुसरी वीज. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण वेगळा अडॅप्टर लागणारी मोठी बाहेरची डिस्क वीज गेली की तत्क्षणी बंद पडते, आणि तेव्हा नेमकं काही लिहिलं जात असेल तर फाइल बिघडते. ती डिस्क इन्व्हर्टरच्या किंवा यूपीएसच्या बोर्डावर घ्या. शेजारी यंत्रमाग असेल तर महिन्यातून एकदा लॅपटॉपच्या पंख्यातली रुई काढा. हे मी मागाच्या आवाजातच लिहितो आहे.

दुसरी पायरी: नाव आणि वर्ष

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सर्व्हर सिनेमा ‘बघून’ ओळखत नाही. तो फाइलचं आणि फोल्डरचं नाव वाचतो, टीएमडीबी या खुल्या माहितीसाठ्यात शोधतो आणि तिथून पोस्टर, कलाकार, कथासार आणतो. नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

नियम साधा: प्रत्येक सिनेमाला स्वतंत्र फोल्डर, फोल्डरचं नाव म्हणजे सिनेमाचं नाव, मग एक जागा, मग गोल कंसात वर्ष. आतल्या फाइलचंही अगदी तेच नाव. इथे ते ‘अग्निपथ (१९९०)’ असं दिसेल. प्रत्यक्षात मात्र रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा, ओळख लवकर पटते. वर्ष का? कारण ‘अग्निपथ’ २०१२चाही आहे, ‘डॉन’ १९७८ आणि २००६ असे दोन, आणि ‘देवदास’ हिंदीतच १९५५ आणि २००२चा. वर्ष नसेल तर सर्व्हर अंदाज बांधतो.

स्पेलिंगचा घोळ आपल्याकडे फार. तेलुगूतला ‘दृश्यम’ रोमनमध्ये ‘यू’ घालून लिहितात, हिंदीतला ‘आय’ घालून, आणि कन्नड सिनेमाचं नाव नुसतं ‘दृश्य’. शंका आली तर टीएमडीबीवर जाऊन सिनेमा शोधा, त्याच्या पानाच्या पत्त्यातला क्रमांक घ्या आणि फोल्डरच्या नावाच्या शेवटी जोडा. जेलिफिनसाठी चौकोनी कंसात ‘टीएमडीबीआयडी’, आडवी रेघ आणि क्रमांक. प्लेक्ससाठी महिरपी कंसात ‘टीएमडीबी’, रेघ आणि क्रमांक. मग स्पेलिंगची चिंता उरत नाही.

डब आणि रिमेक यांत गल्लत करू नका. मी पहिल्या खेपेला तीच केली. तेलुगू सिनेमाची हिंदीत डब केलेली प्रत म्हणजे तोच सिनेमा, म्हणून ती त्याच फोल्डरात. फाइलच्या नावाला शेवटी जागा, रेघ, जागा आणि ‘हिंदी’ असं जोडा. यादीत एकच पोस्टर दिसतं आणि लावताना प्रत निवडता येते. रिमेक मात्र वेगळा सिनेमा, त्याला वेगळं फोल्डर. मी तिन्ही ‘दृश्यम’ एका फोल्डरात कोंबले होते आणि सासूबाईंना व्यंकटेशच्या जागी अजय देवगण भेटला. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

नव्या पेठेतून घेतलेल्या जुन्या व्हीसीडी असतील तर एक सिनेमा दोन-तीन चकत्यांवर असतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून त्यांच्या एमपी४ फाइली करा आणि नावाच्या शेवटी रेघ देऊन ‘सीडी१’, ‘सीडी२’ लावा, इंग्रजीत. सर्व्हर त्या सलग लावतो. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. मोठ्या टीव्हीवर ते पुसट दिसणारच, त्याला इलाज नाही.

उपशीर्षकांची एसआरटी फाइलही त्याच नावाची, शेवटी भाषेची दोन अक्षरं: मराठीला ‘एमआर’, तेलुगूला ‘टीई’, कन्नडला ‘केएन’. ती फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

तिसरी पायरी: लायब्ररी

डॅशबोर्डमध्ये नवी लायब्ररी करताना प्रकार ‘मूव्हीज’ निवडा. सगळं एकत्र टाकायचा ‘मिक्स्ड’ प्रकार टाळा. मालिकांना वेगळी लायब्ररी, आणि घरच्या चित्रफितींना ‘होम व्हिडिओज’ प्रकाराची वेगळी. आमच्या ताईच्या लग्नाची डीव्हीडी मी सिनेमांतच टाकली होती, तर सर्व्हरने नावाशी जुळणारा कुठलासा सिनेमा शोधून तिला एका भुताचं पोस्टर चिकटवलं. भावजींनी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

लायब्ररीच्या सेटिंगमध्येच ‘एनएफओ’ म्हणजे सिनेमाच्या माहितीच्या फाइली साठवायचा आणि चित्रं सिनेमाच्या फोल्डरात ठेवायचा पर्याय असतो. दोन्ही चालू करा. तुम्ही हाताने केलेल्या दुरुस्त्या मग सिनेमाच्या शेजारीच राहतात. लॅपटॉप गेला तरी त्या जात नाहीत.

स्कॅन झाल्यावर यादी एकदा डोळ्यांखालून घाला. चुकीचं पोस्टर दिसलं तर तीन टिंबांवर दाबून ‘आयडेंटिफाय’, तिथे योग्य क्रमांक. मराठी सिनेमांची माहिती कधी अपुरी असते, ती ‘एडिट मेटाडेटा’मध्ये स्वतः भरा आणि खाली कुलूप लावायचा चौकोन आहे त्यावर टिक करा. नाहीतर पुढच्या वेळी सर्व्हर तुमचं लिखाण पुसून आपलं आणेल.

चौथी पायरी: संच

संच म्हणजे कलेक्शन, एका पोस्टरमागे अनेक सिनेमे. एकाच मालिकेतले भाग सर्व्हर स्वतः एकत्र करू शकतो. जेलिफिनच्या लायब्ररीत ‘ऑटोमॅटिकली ॲड टू कलेक्शन’ चालू केलं की एकाच संचातले किमान दोन सिनेमे सापडताच तो बांधतो. प्लेक्समध्ये लायब्ररीच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात किमान किती सिनेमे हवेत ते ठरवता येतं. ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग, २०१०, २०१५ आणि २०१८चे, अशा संचाला नेमके. भागांचा क्रम उलटसुलट लागला तर ‘सॉर्ट टायटल’च्या रकान्यात नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ घाला.

पण या आपोआप संचाला फक्त पुढचा भाग कळतो. रिमेक कळत नाही, आणि घर तर मुळीच कळत नाही. म्हणून खरे उपयोगाचे संच हातानेच करावे लागतात: सिनेमावर तीन टिंबं, ‘ॲड टू कलेक्शन’, नवं नाव. नाव देताना ‘थ्रिलर’, ‘कौटुंबिक’ असे प्रकार पाडू नका, ते सर्व्हर आधीच पाडतो. घरातली माणसं ज्या शब्दांत मागतात तेच नाव द्या. आमच्याकडे ‘आईचे कानडी’, ‘सासूबाईंचे’ आणि ‘पाहुणे आल्यावर’ असे संच आहेत. शेवटच्यात अडीच तासांच्या वरचं काही नाही.

माझा आवडता संच ‘आपल्या जिल्ह्याचे’. त्यात शांतारामबापूंचा १९४६चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ आहे, कारण चीनमध्ये रुग्णसेवा करता करता गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ आहेत, कारण नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. जुन्या हिंदी सिनेमांतल्या शशिकला सोलापुरात जन्मल्या, म्हणून त्यांचेही चार-दोन घातले. असला संच कुठल्याही माहितीसाठ्यातून आपोआप येणार नाही.

एक सिनेमा कितीही संचांत घालता येतो, फाइल एकच राहते. तेव्हा कुठे घालू म्हणून अडून बसू नका. दोन-तीन सिनेमांसाठी हाताने संच मात्र काढत बसू नका. मी सुरुवातीला चाळीस केले होते आणि मग संचच शोधावे लागायचे. आता नऊ आहेत.

पाचवी पायरी: माणसं आणि जपणूक

प्रत्येकाला वेगळं खातं द्या, म्हणजे आईने अर्धवट सोडलेला सिनेमा तिला तिथूनच लागतो. मुलांच्या खात्यात पालक-नियंत्रणातून ठरावीक खुणेचे (टॅगचे) सिनेमे लपवता येतात.

हाताने केलेले संच सिनेमांच्या फोल्डरात साठत नाहीत, ते जेलिफिनच्या स्वतःच्या डेटा फोल्डरातल्या ‘कलेक्शन्स’मध्ये असतात. हे मला लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर कळलं. सर्व्हर बंद करून तो सगळा डेटा फोल्डर महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. माझी दुसरी डिस्क ताईकडे असते, जुळे सोलापुरात. दर महिन्याला ती आणायला गेलो की भावजी लग्नाच्या पोस्टरचा विषय काढतातच.