सराफ्यातली पाटली: छोट्या आरपीजीत निवडीचा परिणाम शेवटापर्यंत कसा न्यावा

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं शटर ओढतात आणि त्याच ओटल्यांसमोर भुट्ट्याच्या किसाच्या, जलेबीच्या कढया चढतात. छोट्या रोल-प्लेइंग गेमला (आरपीजी, म्हणजे खेळाडू एक पात्र होऊन निर्णय घेतो असा गेम) याहून आयती जागा मिळणार नाही. समजा, खेळाडूला ओटल्याच्या फटीत सोन्याची पाटली सापडली. ती सराफाला द्यायची, किसवाल्या काकूंना विचारायचं, की गुपचूप खिशात टाकायची?

पहिली चूक इथेच होते: प्रत्येक निवडीला वेगळी कथा फोडली जाते. दोन पर्यायांच्या दहा निवडी झाल्या की १०२४ वाटा तयार होतात आणि त्या लिहून कधीच पूर्ण होत नाहीत. म्हणून फाटे लवकर पुन्हा एकत्र आणा आणि निवड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे गेम लक्षात ठेवतो अशा नाव दिलेल्या किमतीत, साठवा. ट्वाइन हे मजकुरावर चालणारे गेम बनवायचं, फुकट मिळणारं साधन एवढ्याला पुरतं. पाटली कुणाकडे आहे याचं एक व्हेरिएबल, काकूंच्या विश्वासाचं ० ते ५ असं दुसरं. गेम सुरू होतानाच दोन्हींना किंमत देऊन ठेवा.

आता खरं काम. निवडीचा परिणाम तीनदा दिसला पाहिजे: लगेच, मध्ये आणि शेवटी. लगेचच्या परिणामाला एक वाक्य पुरे. मधला मात्र मन लावून लिहा, कारण खेळाडूला तोच लक्षात राहतो. दोन प्रसंगांनंतर खेळाडू पुन्हा काकूंच्या गाडीवर येतो. विश्वास ३ किंवा जास्त असेल तर काकू न विचारता द्रोण पुढे करतात: ‘घे बाळा, आधी खा.’ कमी असेल तर हात पुसत म्हणतात: ‘आधी पैसे ठेव.’ पाटलीचा उल्लेखही नको. समजायचं ते समजतं.

शेवटात निवडींचा परिणाम दिसला नाही की काय होतं, ते २०१२च्या ‘मास इफेक्ट ३’ या आरपीजीने दाखवलं. तीन गेमभर घेतलेले निर्णय अखेरच्या, जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या पर्यायांत विरून गेल्यासारखे वाटले. खेळाडू चिडले आणि त्याच वर्षी शेवटाची वाढवलेली आवृत्ती मोफत द्यावी लागली.

शेवट तुकड्यांत बांधा. २०१०च्या ‘फॉलआउट: न्यू वेगस’ या आरपीजीत अनेक वस्त्यांचं, सोबत्यांचं पुढे काय झालं ते वेगवेगळ्या चित्रांतून सांगितलं जातं. आपल्याकडे सराफ, काकू, पाटलीची मालकीण आणि रात्रीचा चौकीदार अशी चार माणसं. प्रत्येकासाठी तीन पर्यायी परिच्छेद, त्यांतला एकच दिसेल; म्हणजे लिहायचे फक्त १२, पण जुळण्या ८१ होतात. दोन परिच्छेद एकमेकांना खोटं पाडत नाहीत ना, एवढं तपासा: एकात पाटली मालकिणीच्या हातात आणि दुसऱ्यात ती वितळवलेली, असं नको.

कोणता परिच्छेद दाखवायचा हे ठरवणाऱ्या अटी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळलेली घेतली जाते, म्हणून सर्वांत कडक अट आधी ठेवा. ‘विश्वास २पेक्षा जास्त’ ही अट ‘विश्वास ५’च्या आधी आली, तर पाचाचा परिच्छेद कधीच उघडणार नाही. सगळ्यात खाली बिनअटीचा एक परिच्छेद असू द्या, नाहीतर एखाद्याला कोरा पडदा दिसेल. दुसरा छुपा घोटाळा स्पेलिंगचा. एकाच व्हेरिएबलचं नाव दोन ठिकाणी वेगळं पडलं, तरी गेम बऱ्याचदा तक्रार न करता चुकीचा शेवट दाखवतो.

परतीची वाट जिथे बंद होते, तिथे खेळाडूला आधी स्पष्ट सांगा आणि सेव्ह करू द्या. चाचणीसाठी अखेरच्या प्रसंगाआधी एक लपवलेलं पान ठेवा, त्यावर व्हेरिएबल हाताने बदला आणि बाराही परिच्छेद एकेकदा डोळ्यांखालून घाला. गेम लोकांना देण्याआधी ते पान काढून टाका.