पश्चिमेच्या बाल्कनीला मानग्याच्या काठ्यांची जाळी

पश्चिमेचं ऊन अडवायला बाल्कनीला बांबूच्या काठ्यांची जाळी लावायची, तर आधी एक उदाहरण पाहा. जपानी वास्तुविशारद केन्गो कुमा यांनी २००० साली जपानच्या तोचिगी प्रांतात बातो हिरोशिगे संग्रहालय उभं केलं. तिथल्याच डोंगरांतल्या सुगी म्हणजे जपानी देवदार लाकडाच्या बारीक पट्ट्या त्यांनी भिंतींना लावल्या आणि छपरावरही. छपरावरच्या पट्ट्या पाव शतकाच्या आत कुजल्या. ठाण्याचा पाऊस लक्षात घेता इथे उभ्या काठ्याच लावायच्या, त्याही डोक्यावर स्लॅब असेल तिथेच. सुगी मागवण्यात अर्थ नाही. सिंधुदुर्गातला मानगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा असतो.

३ मीटर रुंद बाल्कनीसाठी २८ मिमी जाड, २.३ मीटर लांब काठ्या ६९ लागतात. फुटतूट धरून ७५ घ्या. तीन ते चार वर्षांचा, पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू मागा. कोवळा बांबू सुकताना आकसतो आणि चिरतो.

भुंगा हा खरा शत्रू. बांबूतल्या पिठूळ भागावर तो जगतो आणि काठ्यांखाली पिवळसर भुकटी दिसते, तोवर उशीर झालेला असतो. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड आणि ३ किलो बोरॅक्स विरघळवून काठ्या निदान दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवा. एका टोकाला टोपण बसवलेला १६० मिमीचा पीव्हीसी पाइप टाकी म्हणून चालतो, पण एका वेळी वीसेकच काठ्या मावतात. सोसायटीच्या गच्चीवर हा उद्योग नको असेल तर प्रक्रिया केलेलाच माल घ्या. नंतर दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा. उन्हात ठेवला तर तडे गेलेच म्हणून समजा. ही औषधं पाण्यात धुऊन जातात, म्हणून वर तेलाचा हात हवा. जवसाच्या कच्च्या तेलावर पावसाळ्यात बुरशी धरते. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, ते बरं. रंग काळपट होतो आणि कातडीवर फोड येतात, तेव्हा हातमोजे घालूनच. व्हार्निशच्या वाटेला जाऊ नका, बांबूच्या गुळगुळीत सालीवरून त्याचे पापुद्रे सुटतात.

२३ काठ्यांची एक अशा तीन चौकटी करा. प्रत्येकीला वर, मध्ये, खाली ५० × २५ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी. दोन काठ्यांत १५ मिमीची फट, म्हणजे चौकट साधारण ९७ सेंमी रुंद होते. फट मोजत बसू नका, १५ मिमी प्लायचा तुकडा मध्ये सरकवत जा. बुंधा-शेंडा आलटून पालटून ठेवा, नाहीतर जाळी एका बाजूला पसरत जाते. समोरचं ऊन जवळपास दोन तृतीयांश अडतं, बाजूने पन्नास अंशांहून तिरकं आलेलं सगळं. वारा मात्र खेळता राहतो आणि कबुतरं आत शिरत नाहीत. ठाणेकरांना हे दुसरं कारणही पुरेसं वाटेल!

वर आणि खाली ४ मिमी जाड, ४० मिमी लांब, ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू पट्टीच्या मागून घाला. आधी बांबूत ३ मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर काठी लांबवर उभी फुटते. साधा खिळा गंजतो आणि काळे ओघळ सोडतो. खाडीकाठच्या ऐरोली-वाशीत तर लवकरच. मधल्या पट्टीला काळ्या नायलॉन दोरीने बांधा. जपानी कुंपणातही बांबू दोरीनेच बांधतात, कारण दोरी काठीला थोडं हलू देते.

काठीचं वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापा, म्हणजे पोकळीत पाणी साठणार नाही. खालचं टोक फरशीपासून २५ मिमी वर हवं, कारण कुजायला तिथूनच सुरुवात होते.

एक चौकट पंचवीसेक किलोची होते, दोघांशिवाय उचलू नका. ती कठड्याच्या आतच बसवा. स्लॅबला ८ मिमीच्या अँकर बोल्टने ब्रॅकेट लावा आणि खालची बाजूही बांधा. वळवाच्या वाऱ्यात सैल चौकट आपटत राहते. एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर जाळी नको, आणि इमारतीचं बाहेरचं रूप बदलतंय म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आधी काढा. दर वर्षी मे महिन्यात तेलाचा एक हात द्या आणि खालची टोकं नखाने दाबून पाहा. मऊ लागली ती काठी दोन स्क्रू काढून, मधली दोरी सोडून बदला. जास्तीच्या सहा काठ्या त्याचसाठी आहेत.