डीप पर्पलची वंशावळ कागदावर कशी मांडायची

डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड ऐकायला लागलं की थोड्याच दिवसात डोक्याचा भुगा होतो. एका अल्बमवर एक गायक, पुढच्यावर भलताच, आणि तिसऱ्याच बँडच्या रेकॉर्डवर परत तो पहिलाच गातोय. यावर उपाय एकच, शाळेच्या प्रोजेक्टला लागतो तसला चार्ट पेपर आणायचा आणि खाली बसून घराणं मांडायचं.

बहुतेक जण काय करतात तर वर बँडचं नाव लिहून खाली अल्बमची यादी काढत जातात. तसं करू नका, त्यातून काही कळत नाही. माणसं लिहा. वर आडवी वर्षं टाका, 1968 पासून पुढे, आणि प्रत्येक माणसाची एक रेघ ओढा. पहिली रेघ ड्रमर इयन पेसची. ती 1968 ला सुरू होते, 1976 ला बँड मोडला तिथे तुटते, 1984 ला परत जोडली जाते ती आजपर्यंत. डीप पर्पलच्या प्रत्येक संचात असलेला हा एकटाच गडी, म्हणून बाकी सगळ्यांना त्याच्या रेघेला धरून बसवायचं.

मग ऑर्गनवाला जॉन लॉर्ड, 1968 ते 76 आणि 1984 ते 2002. गिटारवाला रिची ब्लॅकमोर, 1968 ते 75 आणि 1984 ते 93. पहिला गायक रॉड इव्हान्स आणि बेसवाला निक सिम्पर यांच्या रेघा 1969 ला संपतात. त्यांच्या जागी इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले, दोघेही एपिसोड सिक्स नावाच्या बँडमधून उचललेले. संच बदलला की फॅन लोक मार्क वन, मार्क टू असे नंबर देतात, तेही वर पेन्सिलीने टाकून ठेवा, पुढे सोयीचं पडतं.

मार्क टू, म्हणजे गिलन-ग्लोव्हरवाल्या संचावर मात्र निवांत थांबा, घाई नको. डिसेंबर 1971 मध्ये ही मंडळी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला रेकॉर्डिंगला गेली, तिथल्या कॅसिनोत फ्रँक झॅपा आणि त्याच्या बँडचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकातल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जाळ सोडणारी बंदूक) उडवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. ‘स्मोक ऑन द वॉटर’ आलं ते यातूनच, तळ्यावर पसरलेला तो धूर. मग एका बंद हॉटेलात गाद्याबिद्या लावून ‘मशीन हेड’ रेकॉर्ड केला, तोही रोलिंग स्टोन्सच्या फिरत्या स्टुडिओच्या ट्रकवर. म्हणजे एका अल्बमच्या गोष्टीत तीन बँड आले बघा! असे धागे चार्टवर तुटक रेघेने दाखवायचे, कारण यात कोणी कोणाच्या बँडमध्ये गेलेलं नाही.

खरी मजा 1973 नंतर. गिलन आणि ग्लोव्हर गेले, कपड्याच्या दुकानात काम करणारा डेव्हिड कव्हरडेल गायक झाला आणि ट्रॅपीझ बँडमधून ग्लेन ह्यूज बेसवर आला. 1975 ला ब्लॅकमोर वैतागून बाहेर पडला आणि रॉनी जेम्स डिओला घेऊन त्याने रेनबो हा नवा बँड काढला. हा डिओ एल्फ बँडचा, आणि एल्फचा पहिला अल्बम प्रोड्यूस केला होता पेस आणि ग्लोव्हरने! पुढे डिओ ब्लॅक सबाथ या बँडमध्ये, त्यांचा ‘हेवन अँड हेल’ अल्बम 1980 चा. ग्लोव्हर 1979 ला रेनबोत. इकडे कव्हरडेलने व्हाइटस्नेक हा आपला बँड काढला तर त्यात आधी लॉर्ड आणि मग पेस येऊन बसले. आणि 1983 ला ब्लॅक सबाथच्या ‘बॉर्न अगेन’वर गातोय कोण, तर आपला गिलन. माझ्या चुलतभावाला मी नाव न सांगता तो अल्बम लावला तर अर्ध्या मिनिटात म्हणाला, “दादा, ह्यो त्योच मा?”

हीच खरी परीक्षा, कान. चार्ट झाला की प्रत्येक रेघेवरचं एकेक गाणं नाव न बघता ऐका. सुरुवात ‘मेड इन जपान’पासून करा, 1972 चं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे. त्यात ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये गिलन गळ्यातून जे काढतो ते ब्लॅकमोर गिटारवर जसंच्या तसं परत करतो, अगदी भजनाच्या डबलबारीला दोन बुवा समोरासमोर बसल्यासारखं. लॉर्डचा ऑर्गन ओळखायला आधी जड जाईल कारण तो हॅमंड कंपनीचा ऑर्गन सरळ गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, त्यामुळे नुसता गुरगुरतो. हेडफोन लावाच.

आणि ऐकायचं ते आधीच डाउनलोड करून ठेवा. पावसात गावाला लाईट आणि नेटवर्क दोन्हीचा भरवसा नाही, आणि गाडीत ऐकू म्हणाल तर रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, नेमका सोलो चालू असताना गाणं अडकतं.

1984 नंतरचा भाग पटकन उरकतो: मार्क टू परत एकत्र, मधे रेनबोचाच जो लिन टर्नर एका अल्बमपुरता गायक, 1994 ते 2022 गिटारवर स्टीव्ह मोर्स, 2002 ला लॉर्डच्या जागी डॉन एअरी. हा एअरीही रेनबोतलाच, आणि ब्लॅक सबाथचा मूळ गायक ऑझी ऑस्बोर्नच्या पहिल्या सोलो अल्बमवर कीबोर्ड त्याचाच, म्हणजे इथून परत एक तुटक रेघ सबाथच्या घराकडे जाते. व्हाइटस्नेकचे पुढचे संच मात्र याच कागदावर कोंबू नका, तिथे माणसं इतकी येतात-जातात की त्याला दुसरा चार्ट पेपर लागतो.