जुना फिल्म कॅमेरा पहिल्यांदा उघडणार असाल तर आधी हेलिकॉइडचं (फोकस करताना लेन्स पुढे-मागे नेणाऱ्या आट्यांचं) वाचा

पहिला कॅमेरा घरातला घेऊ नका. आजोबांचा, बाबांच्या लग्नात फोटो काढलेला, ज्यात कुणाचा जीव अडकलाय असा तर अजिबातच नको. बंद पडलेल्या स्टुडिओतून कुणी स्वस्तात देत असेल किंवा आमच्या नाशिकला गोदाकाठी बुधवारच्या बाजारात भांड्यांच्या ढिगाशेजारी एखादा पडलेला दिसला तर तो घ्या, आणि तो पुन्हा चालेल अशी आशा न ठेवता उघडा. आपल्याकडे आग्फा क्लिक थ्री अजून बऱ्यापैकी सापडतो, भारतातच बनायचा, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, आत बिघडण्यासारखं फार काही नाहीच. स्प्रिंग कशी बसते, शटरची पाती कशी हलते एवढं त्यात डोळ्यांनी दिसतं. ते बघून झालं की मग झेनिट किंवा याशिका.

ॲपर्चर, शटर स्पीड, बी सेटिंग हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतेय. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर) हातात असतो, त्यामुळे मापं घेण्याची सवय होती आणि तरीही मला जे नडलं ते मापाचंच नडलं, त्यावर पुढे भरपूर लिहिलंय.

टूल्सचं पटकन सांगते. जपानी कॅमेऱ्यांचे स्टार स्क्रू जेआयएस म्हणजे जपानी स्टँडर्डच्या पद्धतीचे असतात आणि आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो फिलिप्स, दिसायला सेम टू सेम, पण टोक खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि स्क्रूची खाच गोल होऊन बसते. एकदा गोल झाली की ड्रिल करून काढण्यापर्यंत वेळ येते. त्यामुळे जेआयएसचा एक बारीक सेट मागवा, इथे पैसे वाचवू नका. बाकी सगळ्यात वाचवा. लेन्सच्या पुढची नावाची रिंग काढायला रबराचा तुकडा चालतो, लेन्स स्पॅनर (रिंगच्या खाचांत बसणारा पाना) लागतो पण पहिल्या दिवशी नाही. आणि एखादा स्क्रू नेहमीच्या दिशेने अजिबात हलत नसेल तर तो उलट्या आट्यांचा असू शकतो, वाइंडिंग लिव्हरच्या आसपास तर हमखास शंका घ्या, ताकद लावायच्या आधी दुसऱ्या बाजूने हलकेच फिरवून बघा.

कंपार्टमेंटचा डबा वगैरे पण नको. जुनी थर्मोकोलची प्लेट घ्या, कॅमेऱ्याचं चित्र त्यावर काढा आणि स्क्रू जिथून काढला तिथेच टोचा, कारण एकाच झाकणाचे तीन स्क्रू तीन लांबीचे असतात, लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की आतल्या गिअरला टेकतो आणि मग लिव्हर जाम का झाला म्हणून तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

आता शिकायचं कुणाकडून. हे माझं मत आहे, पटलं तर घ्या. व्हिडिओ बघा, जरूर बघा, पण व्हिडिओवाला स्क्रू काढतो तेव्हा तो आधीच एकदा सैल केलेला असतो, साठ वर्षं गंजलेला नसतो. आणि 'बिनधास्त खोल, काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात स्प्रिंग हरवलेली नाही असं खुशाल समजा. मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते मेन रोडच्या एका घड्याळवाल्या काकांकडे. कॅमेऱ्याचं त्यांना काही माहीत नाही, फिल्म कशी घालतात तेही विचारतात, पण हात कसा टेकवायचा, चिमटा किती दाबायचा, तेल सुईच्या टोकावर किती घ्यायचं हे त्यांच्याकडून शिकावं. मी पहिल्यांदा बसले तेव्हा स्क्रू पडला आणि मी लगेच खाली वाकले, तर म्हणाले, "पोरी, पडलं की आधी हलायचं नाही. आवाज कुठून आला ते ऐकायचं, मग उठायचं." पायाखाली किंवा मांडीवर असलेला स्क्रू आपण उठून स्वतःच लांब पाठवतो हे खरंच आहे, तेव्हापासून मांडीवर पांढरा टॉवेल घेऊनच बसते. फी भरून ऑनलाइन कोर्स करण्यापेक्षा अशा एखाद्या काकांकडे शनिवारी दोन तास बसा, चहा तुमच्याकडून.

डब्ल्यूडी-४० कॅमेऱ्याजवळ आणू नका. शिलाई मशीनचं तेलसुद्धा नाही. कॅमेऱ्याचं शटर चिकट झालंय म्हणून तेल सोडणं हा सगळ्यात पॉप्युलर आणि सगळ्यात वाईट शॉर्टकट. लीफ शटरची, म्हणजे लेन्सपाशी बारीक पात्यांनी उघडणाऱ्या शटरची, पाती पूर्ण कोरडी असावी लागतात, तेलाचा एक थेंब पसरला की ती एकमेकांना चिकटतात आणि जे दोन दिवस चाललं ते तिसऱ्या दिवशी कायमचं बसतं. व्हाइट पेट्रोलने किंवा लायटर फ्लुइडने धुवा, वाळू द्या, पुन्हा धुवा. खिडक्या उघड्या ठेवून, आणि गॅस चालू असलेल्या स्वयंपाकघरात तर नाहीच नाही. तसाच दुसरा शॉर्टकट म्हणजे कापडी पडद्याच्या शटरची स्प्रिंग घट्ट करणं. स्लो पडतंय म्हणून टेन्शन वाढवलं की स्पीड बरोबर आल्यासारखा वाटतो, मळ मात्र तिथेच असतो. आधी सफाई, टेन्शनला हात सगळ्यात शेवटी.

बरं, आता मुख्य गोष्ट.

लेन्सची फोकसिंग रिंग घट्ट झालेली असते, कारण आतलं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं. साहजिकच वाटतं की हेलिकॉइड उघडू, धुऊ, नवीन ग्रीस लावू, बंद करू. उघडणं फारच सोपं असतं, रिंग फिरवत राहायची, शेवटी दोन भाग हातात सुटे येतात. इथेच थांबा. सुटे होण्याच्या आधी थांबा म्हणतेय मी, नंतर नाही.

हेलिकॉइडचे आटे साध्या बोल्टसारखे नसतात. बोल्टला आट्याची सुरुवात एकच असते, त्यामुळे तो एकाच जागी धरतो. हेलिकॉइड मल्टिस्टार्ट असतो, म्हणजे आट्यांना अनेक तोंडं. लोणच्याच्या प्लास्टिक बरणीचं झाकण बघा, कसंही ठेवलं तरी पाव फेरीत लागतं, कारण त्याला तीन-चार ठिकाणी सुरुवात असते. बरणीला काय फरक पडतो, कुठूनही लागलं तरी लोणचं टिकतं. लेन्सला पडतो. चुकीच्या तोंडातून भाग आत गेला तरी तो तितकाच गुळगुळीत फिरतो, तितकाच छान बसतो, बाहेरून काही कळत नाही.

किती फरक पडतो ते आकड्यात सांगते म्हणजे डोक्यात बसेल. समजा एका पूर्ण फेरीत लेन्स १२ मिलिमीटर पुढे जाते आणि आट्यांना ६ तोंडं आहेत. एक तोंड चुकलं की लेन्स २ मिलिमीटर पुढे किंवा मागे बसणार. २ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना. झेनिटवर येते ती हेलिऑस ४४-२, ५८ मिलिमीटरची. ती २ मिलिमीटर पुढे बसली तर रिंग इन्फिनिटीला (खूप लांबचं शार्प यायची शेवटची खूण) टेकवल्यावर खरा फोकस पडतो पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचा चेहरा शार्प येतो, आणि खोलीबाहेरचं जग कधीच शार्प येत नाही. आपण टेस्ट कुठे करतो, रात्री घरात, समोरच्या कॅलेंडरवर. मस्त दिसतं. झोपतो.

झेनिट एसएलआर आहे, म्हणजे लेन्समधून जे येतं तेच व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं, त्यामुळे निदान दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेलं की व्ह्यूफाइंडरमध्येच कळतं. आग्फा इझोलेटसारख्या घडीच्या कॅमेऱ्यात तेही नाही, तिथे व्ह्यूफाइंडर वेगळा, लेन्सचा पुढचा भाग फिरवून फोकस, तो भाग परत लावताना चुकला तर रोल धुऊन येईपर्यंत पत्ता लागत नाही. वर त्या आग्फांमध्ये जे हिरवं ग्रीस वापरलंय ते दगडासारखं होतं, आणि पुढची काच फिरवायला गेलं की मधलीसुद्धा तिच्यासोबत फिरून बाहेर येते. ते वेगळंच दुखणं.

तर करायचं काय. रिंग आधी इन्फिनिटीला न्या, लेन्सची एकूण लांबी व्हर्निअरने मोजून लिहा. मग स्टॉपचा, म्हणजे रिंगला शेवटी अडवणारा, स्क्रू काढा आणि अगदी हळू, केसाकेसाने फिरवत जा, ज्या क्षणी आटे सुटतात त्या क्षणी दोन्ही भागांवर समोरासमोर खूण करा. काही लेन्समध्ये दोन हेलिकॉइड एकात एक असतात, तिथे दोन्हीच्या खुणा वेगळ्या. आणि खूण मार्करने करू नका. मार्करने करू नका! मी मार्करचीच केली होती, सुरेख बारीक रेघ, आणि मग तोच भाग व्हाइट पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासला. रेघ पेट्रोलात गेली. फोनवर फोटो होता, पण फोटो किंचित तिरका, आणि तोंडं इतकी जवळजवळ की ही का ती हे झूम करूनही ठरेना. सुईने ओरखडा काढा, आतल्या बाजूला जिथे कुणाला दिसणार नाही तिथे. ओरखडा पेट्रोलात विरघळत नाही.

खूण गेली तरी कॅमेरा गेला असं नाही हे पण सांगून ठेवते, कारण मी त्या रात्री तसंच समजून चिडून बसले होते. आमच्या कंपनीत एक टर्नर मामा आहेत, त्यांना दाखवलं तर त्यांनी नुसतं भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "अगं, तोंडं मोज की. जेवढी तोंडं तेवढेच चान्स." इतकंच. प्रत्येक तोंडातून एकदा आत घालायचं, स्टॉपपर्यंत न्यायचं, लांबी मोजायची, लिहिलेल्या लांबीशी जुळते का बघायचं. घालताना आधी उलटं फिरवा, आटा टक् करून खाली बसल्याचं बोटाला जाणवतं, मग सुलटं. जबरदस्ती केली तर पितळ ॲल्युमिनियमला खातं आणि मग खरोखरच गेला. ग्रीस न लावता आधी सगळं जुळवा, मग पुन्हा उघडून ग्रीस, नाहीतर हात, टेबल, टॉवेल, सगळं बरबटतं. ग्रीस म्हणून व्हॅसलिन नको, नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं.

लांबी जुळली तरी इन्फिनिटी डोळ्याने तपासल्याशिवाय सेट स्क्रू आवळू नका. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर दुधी इनव्हिजिबल टेप ताणून चिकटवा, शटर बी वर, केबल रिलीज लॉक (म्हणजे शटर उघडंच राहतं), ॲपर्चर पूर्ण उघडं. टेपवर उलटं चित्र पडतं, ते घड्याळवाल्यांच्या भिंगातून बघा. कशाकडे बघायचं हेही महत्त्वाचं. समोरची बिल्डिंग म्हणजे इन्फिनिटी नाही. ५८ मिलिमीटर, एफ २ ला हायपरफोकल अंतरच (जिथे फोकस केला की पार लांबपर्यंत पुरेसं शार्प येतं ते अंतर) ५६ मीटरच्या आसपास येतं, त्यामुळे निदान किलोमीटरभर लांबचं काहीतरी हवं. सिडको-पाथर्डी फाट्याकडे असाल तर पांडवलेण्याचा डोंगर, म्हसरूळ-पंचवटीकडे असाल तर चामर लेणीचा, नाहीतर लांबचा मोबाइल टॉवर, त्याच्या जाळीच्या कडक उभ्या-आडव्या रेघांवर फोकस पटकन कळतो. सकाळी लवकर करा. दुपारी पत्र्यांवरची हवा थरथरते, त्यात काहीच शार्प दिसत नाही आणि आपण चांगल्या लेन्सला दोष देऊन पुन्हा उघडतो.

बाकीचं थोडक्यात. शटर स्पीड तपासायला फोनचा २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरतो, १/३० ला साधारण आठ फ्रेम उजेड दिसायला हवा, १/६० ला चार, १/५०० ला मात्र हा उपाय चालत नाही. मागच्या झाकणाचा फोम चिकट डांबर झालेला असतो, तो काढून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा आणि काळी लोकर खाचेत बसवा, चालते. याशिका इलेक्ट्रो ३५ घेतला, १९६६ पासूनचा तो मोठा, तर लिव्हर ओढताना खण् आवाज येतो का ऐका, नसेल येत तर आतलं रबराचं पॅड गेलंय, आणि तो दुरुस्त होतो पण पहिला कॅमेरा म्हणून नाही. त्याला ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, आता ६ व्होल्टची ४एलआर४४ ॲडॅप्टरने चालते. बॅटरी नसेल तर तो फक्त १/५०० वर चालतो, त्यामुळे 'चालू आहे' म्हणून विकणाऱ्याचं ऐकू नका, बॅटरी सोबत घेऊन जा.

फ्लॅश आत असलेले छोटे प्लास्टिक कॅमेरे नवीन माणसाने उघडूच नयेत. सेल काढला तरी कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठलेलं राहतं. इथे मी धीर वगैरे देणार नाही.

यावर पोट भरेल का असं बरेच जण विचारतात. नाशिकमध्ये काम येतं, कॉलेजची मुलं हौसेने फिल्मवर शूट करतात, एखादा वेडिंगवाला जुना याशिकामॅट काढतो, पण नोकरी सोडण्याइतकं माझ्याकडे तरी येत नाही. लोकांचे कॅमेरे घ्यायला लागाल तेव्हा घेतानाच त्यांच्यासमोर लेन्समध्ये टॉर्च मारा, फंगस, ओरखडे, पडद्याची भोकं जे असेल ते कागदावर लिहून सही घ्या. फंगसने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो, आणि तो डाग तुम्ही पाडला असं म्हणायला माणूस मोकळा असतो. आणि पावसाळ्यात हेलिकॉइडचं काम घेत असाल तर डिलिव्हरीची तारीख देऊ नका, डोंगर आठ-आठ दिवस ढगात असतो, इन्फिनिटी कशावर लावणार.