हॉस्पिटलच्या ऑफिसात करिअर करायचंय? आधी एक डिस्चार्ज नीट बघा

मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये ॲडमिनला आहे. सुरुवात फ्रंट ऑफिसला केली, मग बिलिंग, मग टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) डेस्क, आता थोडं सगळंच बघते. ओळखीतल्या मुली-मुलं विचारतात की ताई हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स कुठला करू, मी सांगते कोर्सचं नंतर बघू, आधी एका पेशंटचा डिस्चार्ज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मागे लागून बघ, हॉस्पिटल कसं चालतं ते तिथे सगळं दिसतं.

म्हणजे बघा, डॉक्टर सकाळी राउंडला येऊन म्हणतात, काका आज घरी जायचं. झालं, नातेवाईक बॅग भरून बसतात. पण इकडे आरएमओ म्हणजे वॉर्डवरचे निवासी डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहिणार, ती टाइप होऊन कन्सल्टंटकडे तपासायला जाणार आणि ते तोपर्यंत ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर उरलेली औषधं फार्मसीला रिटर्न करणार, लॅबचे राहिलेले चार्जेस चढणार, मग फायनल बिल, मग बिल-समरी-रिपोर्ट सगळं टीपीएच्या पोर्टलवर, आणि तिकडून क्वेरी की पेशंटला बीपी कधीपासून आहे त्याचा पहिला कागद द्या. २०२४ मध्ये आयआरडीएआयने (विमा क्षेत्राची नियामक संस्था) विमा कंपन्यांना सांगितलंय की कॅशलेसची पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची, पण आपण अर्धवट कागद पाठवले तर त्या ३ तासांचा काही उपयोग होत नाही. म्हणून चांगला टीपीए एक्झिक्युटिव्ह ॲडमिशनच्याच दिवशी जुनी केसपेपर्स मागून ठेवतो.

आणि ॲडमिशनलाच सांगायची अजून एक गोष्ट, रूम रेंटची लिमिट. पॉलिसीत दिवसाला ४ हजारांची रूम बसत असेल आणि घरच्यांनी ८ हजारांची घेतली तर फक्त रूमचा फरक भरायचा असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याच पॉलिसींमध्ये तसं नसतं, डॉक्टरांची फी, ओटीचे चार्जेस हेही त्याच प्रमाणात कापले जातात. हे काउंटरवरच्या माणसाने दोन मिनिटं काढून सांगितलं नाही तर शेवटच्या दिवशी त्या घराला मोठी रक्कम उभी करावी लागते. मला विचाराल तर आपल्या कामातली सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं हीच. पेशंट गोंधळलेला असतो, डॉक्टरांना पॉलिसी माहीत नसते, सांगणारे फक्त आपणच असतो.

पैसे नसलेल्या पेशंटचंही तेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटला योजनेसाठी मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवावे लागतात. गावाकडून आलेली मावशी हे स्वतःहून विचारत नाही, तुम्ही विचारा, रेशनकार्ड आहे का, उत्पन्नाचा दाखला आहे का. आपल्याकडे ती योजना नसेल तर कुठे आहे ते तरी सांगा. बिल भरलं नाही म्हणून मृतदेह अडवता येत नाही हे राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांतच आहे, त्यातली रुग्णहक्कांची सनद नोकरीला लागल्यावर लगेच वाचून काढा, भिंतीवर लावलेली असते पण स्टाफपैकी फार थोडे वाचतात.

डॉक्टरांच्या सेक्रेटरीचं काम ज्यांना करायचंय त्यांनी टायपिंगपेक्षा मेडिकल शब्दांवर जास्त मेहनत घ्या. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस गरज लागली तर, एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, हे पंधरा दिवसांत बसतं. पण लॅपरोस्कोपी आणि लॅपरोटमी यांत गल्लत झाली की दुर्बिणीचं ऑपरेशन कागदावर पोट उघडून केलेलं होतं आणि मंजुरी अडकते. राइट-लेफ्ट तर प्रत्येक वेळी वाचून खात्री करायची, अंदाजाने कधीच टाइप करायचं नाही, अक्षर लागलं नाही तर फोन करून विचारायचं, डॉक्टर चिडले तरी चालेल.

सोनोग्राफी सेंटरवर नेमणूक झाली तर एफ फॉर्म. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा हा फॉर्म पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली भरावा लागतो, महिन्याचा रिपोर्ट पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जायलाच हवा. एखादा रकाना रिकामा राहिला तरी त्यावरून डॉक्टरवर केस होऊ शकते आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये ही तरतूद कायम ठेवलीय. आपल्या राज्यात मुलींचं प्रमाण कसं घसरलं होतं ते आठवलं की हा कडकपणा का ते कळतं.

एमआरडी म्हणजे रेकॉर्ड रूम, तिथे जायला कोणी तयार नसतं, मला मात्र तिथे खूप शिकायला मिळालं. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं, जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत, एमएलसीच्या म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेसच्या फाइली वेगळ्या, कुलपात. आणि गुप्तता. फोनवर कोणीही काका-मामा म्हणून विचारेल की काय झालंय हो त्यांना, सांगायचं नाही. एचआयव्हीचं तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे, फाइलच्या कव्हरवर, बेडच्या पाटीवर कुठेही लिहायचं नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर फ्रंट ऑफिस-बिलिंगला बीकॉम, बीए काहीही चालतं, एक्सेल आणि मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हीत बोलता यावं. पुढे वर चढायचं असेल तर एमएचए म्हणजे हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स डिग्री, मुंबईत टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) आहे, पुण्यातही आहेत, पण वर्षभर काम करून मग गेलात तर वर्गात शिकवलेलं लगेच लागतं असं मी बघितलंय. पहिली नोकरी ५०-१०० बेडच्या ठिकाणी घ्या, मोठ्या कॉर्पोरेटमध्ये एकाच काउंटरवर दोन वर्षं निघतात, छोट्या ठिकाणी सगळ्या डेस्कवर फिरवतात. पगार सुरुवातीला कमीच असतो, नाइट आणि रविवार लागतात, घरी आधीच सांगून ठेवा.

अजून एक, रुजू झालात की एचआरला हिपॅटायटिस बीच्या लशीचं विचारा. ॲडमिनवाल्यांना कोणी आठवण करत नाही पण कॅज्युअल्टीच्या म्हणजे इमर्जन्सीच्या काउंटरवर रक्ताने भरलेले कागद आपल्याच हातात येतात. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी, तिसरा बरेच जण विसरतात, तो घ्याच.